प्रश्न विचारल्यावर थांबायचं किती? श्रोत्यांना बोलतं करण्याची रीत

“कुणाला काही प्रश्न?” असं विचारायचं आणि दोन सेकंदांत “नाही? बरं, पुढे जाऊ” म्हणायचं, ही सवय सगळ्यात जास्त नुकसान करते. श्रोत्याला प्रश्न समजून घ्यायचा असतो, उत्तर जुळवायचं असतं आणि इतक्या लोकांसमोर तोंड उघडावं की नाही हेही ठरवायचं असतं. शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. थांबणं ३ सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली आणि आपणहून बोलणारेही वाढले. सभागृहात अनोळखी माणसं असतात, म्हणून मनात सावकाश सातपर्यंत मोजा. तेवढ्या वेळात प्रश्न दुसऱ्या शब्दांत मांडू नका. शब्द बदलले की जुळत आलेलं उत्तर मोडतं आणि ऐकणारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

मात्र पहिलाच प्रश्न तोंडी उत्तराचा नको. पहिल्या तीन मिनिटांत फक्त हात वर करायला लावा. समजा विषय पाठदुखीचा आहे. “तुमच्यापैकी कुणाची पाठ दुखते का?” हा प्रश्न फसतो, कारण गप्प बसलेला माणूस ‘नाही’ म्हणतोय की ऐकतच नाही, हे कळत नाही. त्याऐवजी: “आज सकाळपासून सलग तासभर न उठता कोण कोण बसलंय? हात वर करा. आता, मधे उठलेल्यांनी हात वर करा.” प्रत्येकाचा हात एकदा तरी वर गेला पाहिजे. विचारताना स्वतःचा हात वर धरा. नेमकं काय करायचं ते न सांगता कळतं. मग हात मोजल्यासारखी नजर फिरवून आकडा बोला, “निम्म्याहून जास्त आहेत”, आणि पुढचं वाक्य त्या आकड्यावरून सुरू करा. हात वर करायला लावून त्याचं काहीच केलं नाही, तर पुढच्या वेळी थोडेच हात उठतात.

यानंतरची पायरी जोडीची. शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१मध्ये मांडलेली ही पद्धत सोपी आहे: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग सगळ्यांसमोर मांडणं. प्रश्न पडद्यावर लिहिलेलाच हवा, नाहीतर अर्धी मिनिटं “काय विचारलं हो?” यातच जातात. ३० सेकंद शांतता, २ मिनिटं जोडीत चर्चा. घड्याळाइतकंच आवाजावर लक्ष ठेवा. कुजबुज वाढत जाते, टिपेला पोचते आणि मग उतरू लागते. उतरायला लागली की लगेच थांबवा. अजून मिनिटभर ताणलं तर गप्पा भलतीकडे जातात. थांबवण्याची खूण आधीच सांगा: “मी हात वर केला की तुम्हीही करा आणि बोलणं थांबवा.” नंतर “तुमचं मत काय?” न विचारता “तुमच्या जोडीत काय निघालं?” असं विचारा. चुकलं तर दोघांचं चुकतं, त्यामुळे बोलायला धीर येतो.

चर्चा चालू असताना व्यासपीठावर उभं राहू नका. रांगांमधून फिरा, चांगला मुद्दा कानावर आला की हळूच विचारा, “हे सगळ्यांना सांगाल?” अशी दोन-तीन माणसं तयार असली की पहिल्या उत्तरासाठी ताटकळावं लागत नाही. अचानक बोट दाखवून कुणाला उठवणं टाळाच. तो एक घाबरतो आणि बाकीचे मान खाली घालतात.

ज्या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर असतं, तिथे हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांची रीत उपयोगी पडते. पर्याय द्या, मत घ्या. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर उत्तर न सांगता शेजाऱ्याला पटवायला लावा आणि पुन्हा मत घ्या. त्याहून कमी बरोबर असतील तर आधी समजावून सांगा. ज्यांना अजून कळलेलंच नाही ते एकमेकांना काय पटवणार? मोबाइलवर मतदान घेत असाल तर मत देणं संपेपर्यंत निकाल झाकून ठेवा, लोक जास्त मतांकडे झुकतात. एका मतदानाला दोन-तीन मिनिटं लागतातच. नेटवर्क गेलं तर हाच प्रश्न हात वर करून घेता येईल असा लिहून ठेवा.

उत्तर आलं की ते माईकवर पुन्हा सांगा, मागच्या रांगांना ते ऐकूच गेलेलं नसतं. उत्तर चुकीचं असेल तर “असं का वाटलं?” एवढं विचारा, बहुतेकदा त्यातला एक धागा खरा निघतो. एखादा बोलतच सुटला तर तो श्वास घेईल तिथे त्याचाच एखादा शब्द पकडा: “खुर्चीची उंची, बरोबर. या बाजूला कुणाचा अनुभव वेगळा आहे?”

बसण्याची व्यवस्था लोक येण्याआधी पाहा. माणसं विखुरली तर जोड्या जमत नाहीत, म्हणून मागच्या रांगा बंद ठेवा आणि पुढच्या भरल्यावरच उघडा.

४० मिनिटांच्या भाषणात स्वतःचं बोलणं २८ मिनिटांतच बसवा; बाकीचा वेळ श्रोत्यांचा. मजकूर पूर्ण ४० मिनिटांचा ठेवला की घाई होते आणि पहिली कात्री श्रोत्यांच्या वेळेलाच लागते. प्रश्नोत्तरं अगदी शेवटी ठेवू नका. शेवटचा प्रश्न रटाळ निघाला तर लोक तोच डोक्यात घेऊन उठतात. पाच-सहा मिनिटं शिल्लक असताना प्रश्न थांबवा आणि समारोप स्वतः करा.