निबंधात बाजू घ्यायला शिकवताना

नववी-दहावीच्या मुलांना 'शाळेत मोबाइलवर बंदी हवी का?' असा विषय दिला की निम्मे निबंध 'आजच्या विज्ञानयुगात'ने सुरू होतात आणि 'नाण्याला दोन बाजू असतात'वर संपतात. बाजू कुणी घेतलेलीच नसते. म्हणून मी आधी गूगल डॉक्समध्ये एकच वाक्य लिहून घेते, ज्यावर वर्गातलं कुणीतरी 'मला नाही पटत' म्हणेल असं. 'मोबाइलचा अतिवापर वाईट' याला कोण नाही म्हणणार? 'मधल्या सुट्टीतही फोन शाळेच्या ताब्यात असावा' हे चालेल. डॉक एकमेकांना वाचायला देताना 'कमेंटर' एवढाच हक्क द्या. 'एडिटर' दिलात तर हुशार मित्र वाक्यच बदलून टाकतात.

मग पुरावा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'फ्रान्सने 2018 मध्ये कायदा करून शाळांत फोन बंद केले' हे कुणीतरी आणतंच. खरं आहे, पण त्यावरून कळतं ते एवढंच, की एका सरकारला बंदी योग्य वाटली. मुलांचा अभ्यास सुधारला का? मी कमेंटमध्ये नुसतं 'मग?' लिहून सोडून देते.

त्या 'मग?'चं उत्तर शोधायला गूगल स्कॉलर, म्हणजे संशोधनाचे लेख शोधायची गूगलची साइट. शब्द इंग्रजीत टाका, मराठीत फारसं हाती लागत नाही. इंग्लंडमधल्या शाळांवरचा 2015 सालचा एक अभ्यास मिळतो: बंदीनंतर परीक्षेतले गुण वाढले, आणि जास्त फायदा झाला तो मागे पडलेल्या मुलांना. बंदीवाले खूश! पण त्यांना इथे थांबू देऊ नका. त्या नोंदीखाली 'सायटेड बाय' अशी लिंक असते. त्या अभ्यासाचा उल्लेख पुढे कुणी कुणी केला, त्याची ती यादी. तीत 2020 सालचा स्वीडनमधला अभ्यास आहे. तोच प्रश्न तिथल्या शाळांना लावून पाहिला, तर गुणांवर परिणाम दिसला नाही. अख्खा पेपर वाचायची गरज नाही, सुरुवातीचा सारांश पुरे. आता मात्र सुरुवातीच्या वाक्याला हात लावावाच लागतो. 'बंदीने गुण वाढतात' हे टिकत नाही, 'मागे पडणाऱ्यांना फायदा होऊ शकतो, पण सगळीकडे होईलच असं नाही' हे टिकतं. स्वीडनचा परिच्छेद वगळून आलेला निबंध मी परत करते.

आक्षेप सुचत नसतील तर कियालो ही साइट दाखवा. मधे दावा, त्याला फुटलेले बाजूचे आणि विरोधातले मुद्दे. मुद्दे घ्यावेत, वाक्यं उचलू नयेत.

चॅटजीपीटीला मी लेखक म्हणून नाही, विरोधक म्हणून बसवते: 'माझ्या मुद्द्यावर तीन आक्षेप घे, उत्तरं देऊ नकोस.' 18 वर्षांखालच्यांना त्यासाठी पालकांची संमती लागते, ती आधी घ्या. त्याने एखाद्या संशोधनाचं नाव दिलं तर ते स्कॉलरवर शोधायला लावा, कारण अस्तित्वातच नसलेले पेपर ते बिनधास्त सांगतं.

शुद्धलेखन अगदी शेवटी. तपासताना फाइल मेनूतली 'व्हर्जन हिस्टरी' उघडा, कोणता मजकूर कधी आला ते तिथे दिसतं. दोन पानं एका मिनिटात अवतरली असतील तर लगेच रागावू नका, वहीत लिहून मग टाइप करणारी मुलंही असतात. जवळ बोलवा आणि विचारा, 'स्वीडनचं काय केलंस?' ज्याने स्वतः लिहिलंय तो लगेच वाद घालायला लागतो.