भजनाच्या कॅसेटी लॅपटॉपवर घेतल्यात? आता एमपीथ्री असं करा

सोलापुरात कितीतरी घरांत भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी पडून आहेत, आता पोरं त्या लॅपटॉपवर घ्यायला लागलीत, लय चांगलं काम आहे ते. पण घेतलं की लगेच एमपीथ्री करायचं आणि डब्ल्यूएव्ही, म्हणजे रेकॉर्डिंगची मूळ फाईल, डिलीट मारायची, एवढं मात्र करू नका. एमपीथ्रीत गेलेला आवाज परत येत नाही, १२८ केबीपीएसची फाईल (सेकंदाला किती डेटा, ते माप) ३२० ची केली तरी नुसती साईझ वाढते.

डब्ल्यूएव्ही जागा खाते हे खरंय, सीडी क्वालिटीला मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट ६०० एमबी. म्हणून आधी फ्लॅक नावाच्या फॉरमॅटमध्ये करा, साईझ बऱ्याचदा निम्म्यावर येते आणि आवाजातलं काहीच जात नाही.

लिनक्सवर एफएफएमपेग हा फाईली बदलणारा प्रोग्रॅम टाकून घ्या, उबंटूला ॲप्ट या इन्स्टॉलच्या कमांडनं येतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, एफएफएमपेग, मग डॅश आय, मग मूळ फाईलचं नाव, शेवटी नवीन नाव, झालं. नव्या नावाला शेवटी डॉट फ्लॅक लावलं की काय करायचं ते त्याला कळतं. 'काकड आरती बाजू ए' असं स्पेसवालं नाव असेल तर अवतरणात टाका, नाहीतर ते चार वेगळे शब्द समजून एरर देतं.

एमपीथ्री या फ्लॅकवरूनच काढायची. नव्या नावाच्या आधी डॅश क्यू कोलन ए आणि २ टाका, सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास मिळतं, पेनड्राईव्ह लावून स्पीकरवर ऐकायला मस्त. इथं आकडा जितका लहान तितका आवाज चांगला, ० सगळ्यात भारी.

अख्खा फोल्डर असेल तर बॅशचा (टर्मिनलमधल्या कमांडच्या भाषेचा) फॉर लूप लावा, तो प्रत्येक फाईलचं नाव एफ मध्ये घेऊन तीच कमांड परत चालवतो. त्यात नवीन नाव असं लिहायचं: डॉलर, महिरपी कंस, एफ, टक्क्याचं चिन्ह, डॉट डब्ल्यूएव्ही, कंस बंद, आणि पुढं डॉट फ्लॅक. टक्का शेवटचं डॉट डब्ल्यूएव्ही कापतो. हे पण अवतरणातच, आणि सोबत एफएफएमपेगला डॅश एन द्या म्हणजे आधीची फाईल असेल तर तिच्यावर लिहिलं जाणार नाही.

डब्ल्यूएव्ही उडवायच्या आधी फ्लॅक नावाच्याच वेगळ्या प्रोग्रॅमची फ्लॅक डॅश टी ही कमांड चालवून प्रत्येक फाईल तपासा, ओके आलं तरच उडवा, आणि फ्लॅकची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवा, कॅसेटची टेप परत वाजेलच असं नाही.