काटकसरीतून कर्जफेड: वाचलेला पैसा हप्त्यापर्यंत कसा पोचवावा

काटकसर करणारी घरं पुष्कळ असतात, त्यातून कर्ज फिटलेली कमी. महिनाभर रिक्षा टाळून आणि हॉटेल बंद करून वाचवलेले अडीच-तीन हजार खात्यात तसेच पडून राहतात आणि पंचवीस तारखेला कुणाचं तरी बारसं निघतं. म्हणून खर्च कुठे कापायचा हे ठरवताना, कापलेला पैसा कोणत्या कर्जात आणि कोणत्या तारखेला भरायचा तेही ठरवावं लागतं.

उदाहरणासाठी एक घर धरू. नाशिकमधलं चौघांचं कुटुंब, हातात येणारा पगार ४५ हजार. क्रेडिट कार्डाची थकबाकी ६० हजार, पर्सनल लोन दोन लाख, मोटरसायकलचा हप्ता, शिवाय मेहुण्याकडून घेतलेले ४० हजार हातउसने.

१. सगळी देणी एका कागदावर आणा

कुणाचे, किती बाकी, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला, एवढंच लिहायचं. वाण्याची उधारी, आधीच उचललेली भिशी, पगारातून कापली जाणारी सोसायटी, मोबाइलवर 'आत्ता घ्या, नंतर द्या' म्हणून घेतलेल्या वस्तू, सगळं त्यात आलं पाहिजे. नवरा-बायकोनं हे एकत्र बसून करावं. एकानं लपवलेलं कर्ज दुसऱ्याच्या काटकसरीवर पाणी फिरवतं.

काही विसरलं असेल तर क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद, काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसे मागणाऱ्या तिसऱ्याच संकेतस्थळावर जायचं कारण नाही.

२. कार्डाचा हिशेब एकदा हातानं मांडा

कार्डावरचं व्याज बहुतेक ठिकाणी महिन्याला ३ ते पावणेचार टक्के असतं. साडेतीन टक्के धरा. ६० हजारांवर महिन्याचं व्याज २,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. झाले २,४७८. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून ५ टक्के, म्हणजे ३,००० छापून येतात. ते इमानदारीत भरले तरी मुद्दल कमी होतं फक्त ५२२ रुपयांनी! शिवाय थकबाकी असताना त्याच कार्डावर नवं काही घेतलं, तर त्यावर व्याजमुक्त मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून मीटर सुरू.

तेव्हा कार्ड आजच वापरातून काढा. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला त्याचा नंबरही पुसा. याच कार्डावर दरमहा ६,००० भरले तर ते साधारण १३ महिन्यांत संपतं, ८,००० भरले तर नऊ-साडेनऊ महिन्यांत. काटकसरीतून निघणारे दोन हजार असे चार महिने वाचवतात.

३. आधी महाग कर्ज

सगळ्यात लहान कर्ज आधी संपवा म्हणजे हुरूप येतो, असं सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. कार्ड वर्षाला ४२ टक्क्यांनी वाढत असताना १० टक्क्यांच्या मोटरसायकलकडे जादा पैसे वळवणं परवडत नाही. बाकीच्या कर्जांचे ठरलेले हप्ते वेळेवर जाऊ द्या आणि वाचलेला प्रत्येक जादा रुपया कार्डात घाला.

खासगी सावकाराचं असेल तर क्रम बदलतो. 'शेकडा पाच' ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते महिन्याचं असतं. वर्षाचे ६० टक्के झाले. असा सावकार बिनपरवान्याचा असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकारी संस्थांच्या सहायक किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

मेहुण्याचे पैसे बिनव्याजी, त्यामुळे हिशेबात ते शेवटी. पण त्यांना ते आजच सांगा, आणि हजार रुपये का होईना, दर महिन्याला पाठवत राहा. चार महिने गप्प बसलं की नातं बिघडतं आणि मग सगळे पैसे एकदम मागितले जातात.

४. जमेल तिथे स्वस्त कर्जानं महाग कर्ज मिटवा

नोकरीच्या ठिकाणी पगारदारांची पतसंस्था असेल तर तिचा दर आधी विचारा. समजा १२ टक्क्यांनी ६० हजार मिळाले आणि कार्ड मिटवलं, तर तोच ६,००० चा हप्ता ११ महिन्यांत संपतो आणि एकूण सुमारे १५ हजार रुपये वाचतात. सोनेतारण कर्जही कार्डापेक्षा खूप स्वस्त पडतं. दागिने जिचे आहेत तिनं ते ठरवावं. सात टक्क्यांची मुदत ठेव जपत बेचाळीस टक्के भरणं हा तोट्याचाच व्यवहार. ठेव मोडा, फक्त पंधरा-वीस हजार आजारपणासाठी बाजूला ठेवा. ती गंगाजळी नसेल तर पहिल्याच तापाला कार्ड पुन्हा बाहेर निघतं.

कार्ड रिकामं झालं म्हणून पुन्हा वापरलं, तर ही नुसती इकडची टोपी तिकडे.

५. खर्च कापताना एकदाच ठरवता येतील असे आधी

रोजच्या चहावरून घरात कटकट करू नका, त्यातून फार काही निघत नाही. यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे'चं, म्हणजे खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचं, पान उघडा. तिथे न बघितलेले ओटीटी आणि विसरलेली वर्गणी सापडते. रक्तदाब, मधुमेहाची रोजची औषधं असतील तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून आणा. ब्रँडच्या गोळ्यांपेक्षा ती ५० ते ८० टक्क्यांपर्यंत स्वस्त असतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटांपुढचा दर जवळपास दुप्पट होतो. दोन किलोवॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला की महिन्याला ३० युनिटं गेलीच. मात्र वीज वाचवायला हप्त्यावर नवा फ्रिज आणू नका.

वाणसामान महिन्याची यादी करून एकदाच भरा आणि यादी भरल्या पोटी करा. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवरून कोथिंबीर मागवली की सोबत दोनशे रुपयांचं काहीतरी येतंच.

खरं भोक मात्र देण्याघेण्यात असतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. लग्नसराईच्या दोन महिन्यांत आहेर, साड्या, गावाला जाण्या-येण्याचं भाडं मिळून पंधरा हजार सहज जातात. त्यात गणपती, दिवाळी, कुणाची वास्तुशांत. एकेका प्रसंगाला नाही म्हणता येत नाही, म्हणून नियमच करावा: वर्षभरासाठी आहेराची रक्कम ठरवायची, जवळच्यांना एक आणि बाकीच्यांना एक. लग्नाला सगळ्यांनी जायचं की एकानं, हेही पत्रिका आल्या दिवशी ठरवायचं. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, तर चौघांसाठी गाडी ठरवण्याऐवजी आई आणि मुलगी एसटीनं जाऊन येतील. 'यंदा आमचं जरा ओढीचं आहे' हे वाक्य सख्ख्या नातेवाइकांना एकदा सांगितलं की वर्षभर पुरतं. लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. ऋण काढून सण केला तरी बोलतातच.

आरोग्य विमा आणि मुदत विम्याचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांची औषधं यांना कात्री लावायची नाही.

६. पगाराच्या दिवशीच पैसे हलवा

वर ठरवलेल्या कपातीतून समजा साडेतीन हजार निघतात. ते महिनाअखेरीस उरतील अशी वाट बघू नका. पगार १ तारखेला होत असेल तर २ तारखेला कार्डात भरून टाका. घरखर्चाचे पैसे दुसऱ्या खात्यात ठेवा, किमान शिल्लक लागत नसेल अशा, आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. त्यात दर सोमवारी एका आठवड्याचे पैसे टाका. शनिवारी खातं रिकामं झालं तर रविवारी पिठलं-भाकरी. बोनस, महागाई भत्त्याची थकबाकी, वेतनवाढ यांनाही हाच नियम, पण त्यातला थोडा भाग घरच्यांच्या हौसेला द्या. वर्षभर नुसतं आवळून धरलेलं घर एका दिवाळीत सगळं उधळतं.

कार्ड संपलं की त्यात दरमहा जाणारे पैसे तसेच पर्सनल लोनकडे वळवा. मुदतीआधी भरण्यावर दंड आहे का, ते करारात आधी पाहा.

७. हप्ताच जमत नसेल तर

चुकण्याआधी बँकेला लेखी कळवा आणि मुदत वाढवून मागा. 'सेटलमेंट'ला घाईनं हो म्हणू नका. थोडी रक्कम माफ होते, पण रिपोर्टवर तशी नोंद पडते आणि पुढे घराचं कर्ज अडतं. वसुलीच्या माणसांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना किंवा ऑफिसात बदनामी करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेनं घालून दिलं आहे. आधी बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

८. कर्ज फिटल्यावरची कागदपत्रं

प्रत्येक कर्जाचा 'नो ड्यूज', म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा, दाखला घ्या. कार्ड नको असेल तर बंद करण्याचा अर्ज द्या. थकबाकी नसेल तर बँकेनं ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड तिला बसतो. महिना-दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढून कर्ज 'बंद' दिसतंय ना, ते बघा. मोटरसायकलच्या आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहतो, तो आपोआप उतरत नाही. बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो काढून घ्या, नाहीतर गाडी विकताना अडकाल.