जिप्सी उचलली आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं

पूल संपून डांबर सुरू होतं तिथली खाच. वेग साठच्या आसपास. पुढचं डावं चाक त्या खाचेत आपटलं आणि स्टिअरिंग असे झटके मारायला लागलं की गिऱ्हाइकाचे दोन्ही हात त्याच्यासोबत डावी-उजवीकडे फेकले जात होते. बॉनेट थडथडत होतं, आरशात काही दिसत नव्हतं. मी शेजारच्या सीटवर होतो. ती उचललेली मारुती जिप्सी दोन दिवसांपूर्वी ‘झाली’ म्हणून मीच त्यांच्या ताब्यात दिली होती.

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स संपवून तेव्हा मला गॅरेजात जेमतेम वर्ष झालं होतं. आता चिपळूण-गुहागर पट्ट्यात उचललेल्या, म्हणजे लिफ्ट करून सांगाडा ॲक्सलपासून वर घेतलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात आणि त्यांच्याखाली झोपून शिकणारी पोरंही दिसतात. हे त्यांच्यासाठी लिहितोय. टो, कास्टर, कॅम्बर हे चाकांचे कोन तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो; इथे मुख्य काम कास्टरचं, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं तो मागे किती झुकलाय त्याचं.

आधी जिवाचं बोलू. गाडी चालवताना ही थरथर सुरू झाली तर स्टिअरिंगशी कुस्ती करू नका. अंगठे रिंगच्या बाहेर ठेवा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, हलका ब्रेक लावत गाडी डाव्या कडेला घ्या. वेग उतरला की ती थांबते. थांबली म्हणून पुन्हा वेग घेऊन खात्री करायला जाऊ नका. घाटात तर नकोच.

मग तक्रार नीट ऐकून घ्या. गिऱ्हाईक सगळ्यालाच ‘वॉबलिंग’ म्हणतं. ठरावीक वेगाला स्टिअरिंग बारीक कापतं आणि वेग वाढला की कमी होतं, तर बहुतेक वेळा चाकांचं बॅलन्सिंग किंवा वाकडी रिम असते. खड्ड्यात गेल्यावर गाडी एकदम एका बाजूला झेपावते, तर ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या रॉडचा कोन बघा. चॅसी (सांगाडा) वर गेली की तो रॉड तिरपा होतो, आणि ॲक्सल वरखाली झाला की स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. सरळ रस्त्यावर गाडी सतत इकडेतिकडे जाते, सारखी सावरावी लागते, तर कास्टर कमी पडलाय. आणि एका दणक्याने सुरू होऊन वेग उतरेपर्यंत न थांबणारी ती खरी थरथर. हे चार प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. मी विचारले नव्हते.

लिफ्टने नेमकं काय होतं? जिप्सीला पुढे एकसंध ॲक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा). पाट्याचा मागचा डोळा चॅसीला पक्का, पुढचा शॅकलवर, म्हणजे झुलत्या कडीवर. लांब शॅकल टाकला की पाट्याचं पुढचं टोक चॅसीपासून खाली जातं, ॲक्सल पुढच्या बाजूला झुकतो आणि कास्टर कमी होतो. मुळातच तो साडेतीन अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे एक-दोन अंश गेले तरी गाडीला कळतं. कास्टर चाकांना सरळ धरून ठेवतो. तो असेपर्यंत किंगपिन (चाक वळतं ती खुंटी), टाय रॉड एंड (दोन चाकं जोडणाऱ्या रॉडचे सांधे), शॅकलचे बुश यांची थोडी ढिलाई झाकून जाते. तो कमी झाला आणि वर २३५ मिमी रुंदीचे जड टायर बसले की तीच ढिलाई उघडी पडते. थरथर लिफ्टमुळे झाली असं गिऱ्हाईक म्हणेल, तुमचा मालकही म्हणेल. माझ्या अनुभवात लिफ्टने ती फक्त बाहेर काढलेली असते.

आता माझी चूक. ही सविस्तर सांगणार आहे, कारण मला दाखवायला तेव्हा कोणी नव्हतं.

पुलावरच्या त्या प्रकारानंतर मी गाडी जॅकवर घेतली, खाली घोडी लावली. चाकाला वरून आणि खालून धरून आतबाहेर ढकललं. कट, कट. स्पष्ट प्ले, म्हणजे ढिलाई. मी म्हटलं, हब (चाकाचा मधला तुंबा) बेअरिंग ढिलं आहे. हब उघडून नट आवळला. प्ले कमी वाटला, मी खूश. गिऱ्हाईक घरच्यांना घेऊन गुहागरला निघाले. शृंगारतळीच्या अलीकडे जळक्या ग्रीसचा वास यायला लागला. मी दुसरी गाडी घेऊन पोचलो तेव्हा हबला हात लावता येत नव्हता. जास्त आवळल्यामुळे बेअरिंग जळलं होतं, आणि मूळ ढिलाई होती तिथेच होती. मागच्या सीटवर त्यांची लहान मुलगी झोपलेली होती. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

त्या संध्याकाळी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मेस्त्री आमच्याकडे आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “ब्रेक दाबून बघितलंस काय रे?”

हीच ती गोष्ट. चाक वर-खाली धरून हलवल्यावर जो प्ले लागतो तो दोन ठिकाणांहून येऊ शकतो: हब बेअरिंग किंवा किंगपिनची बेअरिंग. हाताला दोन्ही सारखेच लागतात. मग मदतनिसाला आत बसवायचं, ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगायचं आणि चाक पुन्हा तसंच हलवायचं. ब्रेक लागला की हब नकलला, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला किंगपिनवर वळणाऱ्या भागाला जखडला जातो. त्यामुळे ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष हब बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही कट-कट राहिली तर नकलच ॲक्सलवर हलतोय, म्हणजे किंगपिन. खात्रीसाठी दुसऱ्या हाताचं बोट नकल आणि ॲक्सलच्या गोल टोकाच्या फटीवर ठेवा. हालचाल बोटाला जाणवते. दोन्ही बाजूंना करा. दहा वेळा करा. नटाला पाना लावण्याआधी करा.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही नकल उघडले. डाव्या बाजूने तांबूस पाणी गळलं, मागून ग्रीस आलं ते फेटलेल्या ताकासारखं पांढुरकं. खालच्या बेअरिंगची रेस (रोलर फिरतात ती कडी) पुसून उजेडात धरली तर रोलर बसतात त्या प्रत्येक जागी एकेक आडवी रेघ. नख फिरवलं की अडकत होतं. त्या रेघांमुळे नकल सरळ स्थितीत खाचेत बसल्यासारखा अडायचा आणि बाजूला गेला की सैल व्हायचा. मग लक्षात आलं. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात ही गाडी बाजारपेठेजवळ उभी होती. पुरानंतर इंजिन उघडलं, वायरिंग बदललं, सीट धुऊन वाळवल्या. नकल कोणी उघडला नाही. वर्षभर ते पाणी आत बसून होतं.

नवी बेअरिंग घालताना किंगपिनच्या टोपीखालचे शिम (पातळ चकत्या) जपून मोजा. शिम काढला की बेअरिंगवरचा दाब वाढतो, घातला की कमी होतो. हा दाब अंदाजाने ठेवू नका. ऑइल सील न लावता, टाय रॉड सोडवून, नकलच्या आर्मच्या टोकाला ताणकाटा (ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा) अडकवायचा आणि नकल हलायला लागतो तेव्हाचा आकडा वाचायचा; तो मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळला पाहिजे. आमच्याकडे ताणकाटा नव्हता. मासळीबाजारातून हुकाचा काटा आणला आणि वजन टाकून तो बरोबर आहे ना हे तपासून मग वापरला. काम चोख झालं.

बाकीचे जॉइंट तपासताना उलटी चूक करू नका. टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सचा दांडा) आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट यांची ढिलाई चाक हवेत असताना लपते. गाडी जमिनीवर, चारही चाकांवर वजन. एकाने स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि तुम्ही खाली झोपून प्रत्येक जॉइंटवर हात ठेवायचा. डोळ्यापेक्षा हाताला आधी कळतं. शॅकलच्या बुशला पहारीने उचलून बघा. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट लिफ्टनंतर पाच-सातशे किलोमीटरवर पुन्हा आवळा, ही सवय लावून घ्या.

ढिलाई संपल्यावर, आणि फक्त तेव्हाच, कास्टरकडे वळा. अलाइनमेंटवाला बऱ्याचदा टो लावून सोडून देतो, कारण अशा ॲक्सलवर कास्टर मशिनवर सेट होत नाही. सेट होत नसला तरी मोजता येतो; आकडा मागून घ्या. कमी असेल तर पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये उतरती पाचर बसवतात. जिप्सीचा पाटा मूळ रचनेत ॲक्सलच्या खाली असतो, तेव्हा जाड बाजू पुढे. पाटा ॲक्सलच्या वर घेतला असेल तर जाड बाजू मागे. उलटी बसवलीत तर उरलासुरला कास्टरही जाईल. आणि कास्टर वाढवला की पुढच्या डिफरन्शियलचं तोंड खाली जातं, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) ताण येतो. म्हणून दोन-तीन अंशांपेक्षा जास्त लोभ नको.

स्टिअरिंग डॅम्परबद्दल (स्टिअरिंगच्या रॉडला लावलेल्या शॉकअपबद्दल) माझं मत कडक आहे. आमच्याआधी ही गाडी ज्या गॅरेजात गेली होती तिथे भारी डॅम्पर टाकून दिला होता. तीन आठवडे थरथर गेली, मग दुप्पट होऊन आली. डॅम्पर झटके शोषतो, बेअरिंग दुरुस्त करत नाही. निदान करताना मी तो काढून ठेवतो आणि काम झाल्यावर परत लावतो. डॅम्परशिवाय साठच्या वेगाला गाडी शांत राहत असेल तरच ती गिऱ्हाइकाला देतो.

गुरूबद्दलही एक सांगतो. जो मेस्त्री तुम्हाला प्ले हाताने जाणवून देतो त्याच्याकडे पगार कमी असला तरी राहा. ‘तू फक्त पाने दे’ म्हणणाऱ्याकडे तीन वर्षं काढलीत तरी हात तयार होत नाही. व्हिडिओ बघा, जरूर बघा. पण ती कट-कट व्हिडिओतून बोटाला कळत नाही.

लिफ्टला ‘हो’ म्हणण्याआधी गिऱ्हाइकाला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ समजावून सांगा. कंपनीच्या मूळ नोंदींशी न जुळणारा बदल करायला ते मनाई करतं. हे लपवून काम घेणं मला पटत नाही.

आणि घाबरू नका. पहिल्या दोन-तीन गाड्यांत चुकाल, बेअरिंग पुन्हा उघडावी लागतील, मालक ओरडेल. मीही आठवडाभर झोपलो नव्हतो. नोकरी सोडून मुंबईला जावं असंही मनात आलं होतं. पण ब्रेक दाबून बघायची ती एक तपासणी हातात बसली आणि पुढच्या गाडीचा दोष मी अर्ध्या तासात सांगितला.

ती जिप्सी अजून येते. पावसाळा संपला की दिवाळीआधी तिचे नकल मी स्वतः उघडतो. बोटावर ग्रीस घेऊन उजेडात बघतो. काळं किंवा तपकिरी असेल तर भरून बंद. पांढुरकं दिसलं की आधी सील, मग बेअरिंग. गेल्या खेपेला दोन्ही बाजूंचं काळं निघालं.