पांढऱ्या बर्फावरचा काळा पक्षी: सोलापुरात सराव, हिमालयात छायाचित्रण

सोलापूरच्या परिसरात पक्ष्यांची छायाचित्रे काढणारे बरेच जण हिप्परगा तलाव, नान्नजचे माळरान आणि उजनीचा जलाशय येथे हात बसवतात आणि मग एखाद्या हिवाळ्यात स्पिती, लडाख किंवा चोपता गाठतात. परतल्यावर संगणकाच्या पडद्यावर पुष्कळदा दिसतो तो मळकट राखाडी बर्फ आणि त्यावर पिसांचा मागमूस नसलेला काळा ठिपका, जो चोचीच्या रंगावरून चफ (कावळ्याच्या कुळातला, लाल किंवा पिवळ्या चोचीचा पक्षी) आहे की रेव्हन (काळ्या चोचीचा मोठा डोमकावळा) एवढेच काय ते ओळखता येते. ही अडचण समजून घेण्यासाठी हिमालयात जाण्याची गरज नाही. माघातल्या दुपारी हिप्परग्याच्या चकाकत्या पाण्यावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा कॅमेऱ्याला नेमके तेच कोडे घालतो.

कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या दृश्याला मध्यम राखाडी मानून एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्राला किती प्रकाश द्यायचा ते, ठरवतो. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणून बर्फाने भरलेली चौकट मीटरला अवाजवी उजळ वाटते आणि तो ती काळवंडून टाकतो. पक्षी लहान दिसत असेल तर बर्फ राखाडी होतो आणि पक्षी आणखी काळा पडतो; तोच पक्षी जवळ येऊन त्याने चौकट व्यापली की मीटर उलट दिशेला झुकतो आणि बर्फ पूर्ण जळून जातो. गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतल्या भाविकांची छायाचित्रे ज्यांनी काढली आहेत, त्यांना यातला पहिला प्रकार चांगला ठाऊक असतो. केवळ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या निर्णयात हाताने केलेली भरपाई) वाढवून हा प्रश्न अर्धाच सुटतो, कारण पक्ष्याचा आकार बदलताच लागणारी भरपाईही बदलते.

म्हणून माझा आग्रह मॅन्युअल मोडचा, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवण्याचा, आहे. पक्ष्याकडे वळण्याआधी स्पॉट मीटरिंग (चौकटीच्या लहानशा भागावरूनच मोजमाप) निवडावे, उन्हात असलेल्या बर्फाच्या सर्वांत उजळ भागावर मोजमाप घ्यावे आणि मीटरची खूण अधिक दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) आसपास येईल असे एक्स्पोजर ठेवावे. एक चाचणी छायाचित्र काढून जळालेल्या भागाची लुकलुकणारी सूचना पाहावी आणि ती जेमतेम नाहीशी होईपर्यंत एकतृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी खाली यावे. स्वच्छ ऊन असताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, एफ/८ (भिंगाचे छिद्र) आणि १/२००० सेकंद (शटरचा वेग) येथून सुरुवात केल्यास फार फिरावे लागत नाही. प्रकाश तोच आहे तोपर्यंत या आकड्यांना हात लावू नये, मग पक्षी दूर असो, जवळ असो वा उडत असो. ढग आला की मोजमाप पुन्हा घ्यावे. येथे ठरवायचे असते ते फक्त पांढऱ्याचे स्थान. ते हिस्टोग्रामच्या (छायाचित्रातल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख) उजव्या कडेला, पण कडेच्या आत, पक्के बसले की काळ्या पिसांना मिळू शकणारा जास्तीत जास्त प्रकाश आपोआप मिळालेला असतो, आणि त्याहून अधिक देण्याचा मोह झाला तर त्याची किंमत बर्फाचा पोत मोजतो.

कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरून (कॅमेऱ्याने प्रक्रिया करून आकसलेली प्रत) काढलेला असतो, हे मात्र लक्षात ठेवावे. चित्रशैली ‘व्हिविड’ असेल तर बर्फ प्रत्यक्ष जळण्याआधीच सूचना लुकलुकू लागते आणि आपण विनाकारण अंधारे छायाचित्र काढतो. शैली ‘न्यूट्रल’ ठेवावी आणि छायाचित्रे रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद) स्वरूपातच काढावीत. जेपेगमध्ये काळ्या भागातला तपशील वर आणू पाहिल्यास चौकोनी डाग आणि पट्टे उमटतात.

या पद्धतीचा सराव करण्यासाठी वारकरी पक्ष्यासारखा दुसरा गुरू नाही. कोळशासारखे अंग आणि शुभ्र चोच व कपाळ एकाच पक्ष्यात असल्यामुळे चोच जळू न देता अंगावरची पिसे मोजता येतील असे एक्स्पोजर साधणे ही खरी परीक्षा ठरते. हिवाळ्यात हा पक्षी आपल्याकडच्या तलावांवर मुबलक दिसतो, आणि येथे जमले की स्पितीतील किब्बर गावात बोटे गारठलेली असताना विचार करत बसावे लागत नाही.

प्रकाशाच्या निवडीत पातळ ढगांचा दिवस सर्वांत सोपा, कारण काळ्या-पांढऱ्यातले अंतर त्या दिवशी मुळातच कमी असते. ऊन असेल तर सूर्य आपल्या पाठीशी आणि खाली असावा. चफ आणि रेव्हन यांच्या पिसांवर तेलकट निळी-जांभळी झाक असते आणि ती ठरावीक कोनातून प्रकाश पडला तरच दिसते. हिमालयातला व्हिसलिंग थ्रश तर सावलीत निखळ काळा भासतो आणि उन्हात आला की गडद निळा होऊन त्यावरचे चमकदार ठिपके उघडे पडतात. एक फायदा बर्फ स्वतःच करून देतो: तो खालून प्रकाश परतवतो, त्यामुळे बर्फाला लागून उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखांखालची पिसेही उजळतात. बर्फापासून उंच, मोकळ्या आकाशात गेलेल्या पक्ष्याला हा लाभ तितका मिळत नाही, म्हणून पक्ष्याच्या पातळीवर किंवा थोडे वरून टिपण्याची जागा शोधावी.

फोकस डोळ्यावरच हवा, पण काळ्या चेहऱ्यातला काळा डोळा प्रकाशाचा ठिपका असल्याखेरीज दिसत नाही. पक्ष्याने मान वळवून तो ठिपका उजळेपर्यंत थांबावे. ऑटोफोकस अडखळत असेल तर पिवळ्या किंवा लाल चोचीच्या बुडाशी तो पटकन बसतो. बर्फ पडत असताना फोकस समोरच्या कणांवर उडी मारतो. अशा वेळी एकच लहान फोकस बिंदू वापरावा. हेच कण १/१००० सेकंदाला ठिपक्यांसारखे दिसतात आणि १/१०० च्या आसपास त्यांच्या रेषा होतात.

थंडीत बॅटरी लवकर दम सोडते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी. खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर भिंगांवर आणि आतही दव धरते. मेमरी कार्ड आधीच काढून घेतले की हा धीर धरता येतो. छायाचित्रासाठी पक्षी उडवू नयेत. कडाक्याच्या थंडीत प्रत्येक उड्डाण त्यांना महाग पडते.

संपादन करताना आधी बर्फ, मग पक्षी, हा क्रम पाळावा. लाइटरूम असो वा विनामूल्य मिळणारे डार्कटेबल, संपूर्ण छायाचित्राचे एक्स्पोजर असे ठेवावे की उन्हातल्या बर्फाचे आरजीबी मूल्य (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा) २३५ ते २४५ च्या आसपास राहील. २५५ ला पोत उरत नाही आणि २१० च्या खाली बर्फ राखेसारखा दिसू लागतो. सावलीतला बर्फ निळसर असतो, कारण तेथे प्रकाश आकाशाचा पडतो. उन्हातला बर्फ तटस्थ करून सावलीतली निळाई थोडी उतरवावी, पूर्ण पुसू नये. निळाई गेली की थंडीही जाते.

यानंतर पक्ष्याचा स्वतंत्र मास्क (बदल फक्त त्याच्यापुरते ठेवणारी निवड) करावा आणि शॅडोचा, म्हणजे गडद भाग उजळणारा, स्लायडर फक्त त्याच्यावर फिरवावा. हेच काम संपूर्ण छायाचित्रावर केले तर बर्फातल्या लहान सावल्या सपाट होतात. बहुतेक बिघाड पक्ष्याच्या कडेवर होतो. मास्क जरा बाहेर सांडला की पक्ष्याभोवती उजळ प्रभावळ उमटते, जरा आत राहिला की काळी किनार उरते, आणि क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारी सोय) व शार्पनिंग हे दोन्ही दोष अधिकच ठळक करतात. म्हणून २०० टक्के मोठे करून पाठ, शेपटी आणि चोचीची कड एकदा फिरून पाहावी, मास्कची कड दोन-तीन पिक्सेलच मऊ ठेवावी आणि क्लॅरिटीऐवजी टेक्श्चर (बारीक पोत उठवणारी सोय) वापरावे. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जांभळी रेघ दिसल्यास डिफ्रिंज वापरावे. शॅडो उचलल्यावर दिसणारा नॉइजही (दाणेदारपणा) पक्ष्याच्या मास्कमध्येच कमी करावा.

शॅडो किती उचलाव्यात, याला माझे उत्तर आहे: वाटते त्यापेक्षा कमी. पिसांच्या रांगा वेगळ्या दिसू लागल्या की थांबावे. कावळ्याच्या कुळातला पक्षी करडा दिसू लागला तर काळ्या रंगाचा आधार सुटलेला असतो. अशा वेळी ब्लॅक्सचा स्लायडर किंचित खाली आणून पंखांच्या घड्यांत तरी गडद काळा राहू द्यावा. शेवटी रिकाम्या बर्फावर सेन्सरच्या धुळीचे डाग शोधून पुसावेत, कारण पांढऱ्यावर ते लपत नाहीत.

संकेतस्थळासाठी एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या प्रचलित रंगपद्धतीत निर्यात करावी. छपाईसाठी मॅट कागद घेतल्यास काळे भाग आणखी मिटतात, म्हणून पक्ष्याचा मास्क पाव स्टॉप उजळून आधी लहान नमुना छापून घ्यावा. बर्फ कडेपर्यंत पोहोचत असेल तर त्याची सीमा कागदाच्या पांढऱ्यात हरवते. तेवढ्यासाठी चारी बाजूंनी केसाएवढी करडी चौकट द्यावी.