रेडिओ बदलण्याआधी अडॅप्टर तपासा

छतावर रेडिओ, म्हणजे नेटचा सिग्नल हवेतून पकडणारं यंत्र, लावून नेट घेणाऱ्या घरांच्या तक्रारी मी फोनवर घेते. बेसा, पिपळा, हुडकेश्वर, हिंगणा रोड हा नागपूर शहराच्या कडेचा भाग, आणि पलीकडे कळमेश्वरकडचे संत्र्याचे मळे. ‘ताई, रेडिओ गेला, नवा पाठवा’ अशीच बहुतेकांची सुरुवात असते. माझा आग्रह एकच: शिडी लावण्याआधी खालचा अडॅप्टर आणि पीओईची डबी (नेटच्या तारेतूनच रेडिओला वीज पाठवणारी) बघा. रेडिओ उन्हापावसासाठीच बनवलेला असतो. टीव्हीमागे कोंबलेला अडॅप्टर तसा नसतो.

आधी रेडिओच्या आणि राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘अपटाइम’ पाहा, म्हणजे यंत्र किती वेळ सलग चालू आहे ते. नेट दहा मिनिटांपूर्वी गेलं आणि रेडिओचा अपटाइमही दहाच मिनिटं दाखवतोय, तर तो वीज तुटून पुन्हा सुरू झाला असण्याचा संशय सर्वांत आधी घ्या. अपटाइम चार दिवसांचा आहे आणि तरी नेट नाही, मग दोष सिग्नलमध्ये किंवा पुढे कुठेतरी आहे, अडॅप्टरला हात लावू नका. फक्त राउटर बसला असेल तर राउटरचा अडॅप्टर. दोन्ही एकाच वेळी बसले तर बोर्ड, सॉकेट किंवा घरातली लाइन.

‘पण लाइट तर लागलाय ना!’ हे मी रोज ऐकते. लाइट लागायला नगण्य करंट पुरतो. अडॅप्टरमधला कपॅसिटर, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग, सुकला की भार नसताना तो व्यवस्थित 12 व्होल्ट दाखवतो आणि रात्री सगळं घर व्हिडिओ बघायला बसलं की गळतो. म्हणून नुसता मल्टिमीटर लावून निकाल देऊ नका, भार देऊन मोजा. आमच्या दुरुस्तीला जाणाऱ्या मुलांच्या पिशवीत दुचाकीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 10 वॅटचा बल्ब असतो. तो साधारण 0.8 अँपिअर ओढतो, म्हणजे 1 अँपिअरच्या अडॅप्टरला बरोबर जुंपतो. बल्ब मिनिटभर चालू ठेवून व्होल्ट मोजायचे. बाराच्या जवळ टिकले तर ठीक, अकराच्या खाली उतरले किंवा बल्ब लुकलुकला तर अडॅप्टर काढा. 24 व्होल्टच्या पीओईसाठी ट्रकचा 24 व्होल्ट 5 वॅटचा पार्किंग बल्ब चालतो. बल्ब तापतो, हाताने धरू नका. आणि अडॅप्टर उघडायचा नाही, आत 230 व्होल्ट असतात.

नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कारण यंत्र आपल्याला लागेल तेवढंच ओढतं. 12 व्होल्ट 1 अँपिअरच्या जागी 12 व्होल्ट 2 अँपिअर बिनधास्त लावा, 9 व्होल्टच्या राउटरला 12 मात्र नको. मधल्या पिनेचं प्लस-मायनस चिन्ह जुळवा. जॅक बाहेरून 5.5 मिलिमीटरचाच दिसतो, पण आतलं भोक 2.1 किंवा 2.5 असतं. ते चुकलं तर पिन सैल बसते आणि पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा नेट जातं. बर्डीच्या बाजारात स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका, त्यावर ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक बघा.

पीओईत जास्त जपा. आमच्याकडचे बरेच रेडिओ 24 व्होल्ट पॅसिव्ह पीओईवर चालतात. 802.3एएफ या पीओई मानकाची डबी समोर योग्य यंत्र आहे का हे आधी तपासते, मगच 48 व्होल्ट सोडते. पॅसिव्ह डबी काहीच विचारत नाही. 48 ची पॅसिव्ह डबी 24 च्या रेडिओला लागली की रेडिओ गेलाच समजा. दिवाळीच्या साफसफाईनंतर दोन तारा उलट लागतात तेही इथेच: ‘पीओई’ भोकातून रेडिओकडे, ‘लॅन’मधून राउटरकडे.

मळ्यातल्या जोडण्यांमध्ये केबल लांब असते. 80 मीटरच्या चांगल्या तांब्याच्या कॅट-5ई (नेटच्या) तारेत, दोन जोड्यांवरून वीज नेली तर जाऊन-येऊन साडेसात ओहमच्या आसपास रोध होतो. 8 वॅटचा रेडिओ एक तृतीयांश अँपिअर ओढतो, म्हणजे वाटेतच अडीच व्होल्ट गेले. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असेल तर जवळपास चार. त्यात अडॅप्टरही थकलेला असला की रेडिओ तग धरत नाही. अशा ठिकाणी शुद्ध तांब्याचीच तार मागून घ्या, बिलावर तसं लिहून घ्या.

आता आपला नागपूरचा उन्हाळा. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश नोंदले गेले. कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून अडॅप्टर इन्व्हर्टरवर, टिनाच्या छताखालच्या माळ्यावर किंवा फडक्याखाली ठेवू नका. कूलरच्या बोर्डावर तर अजिबात नको. मोटर चालू-बंद होताना व्होल्टेज हलतं, ठिणगी पडते, आणि पाणी उडतं ते वेगळंच. कूलर सुरू झाला की नेट जातं अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा बोर्डच वेगळा करायला सांगते.

लाइन गेल्यावर चालण्यासाठी छोटा डीसी यूपीएस घेताय? डब्यावरचे 8800 एमएएच, म्हणजे बॅटरीची क्षमता, 3.7 व्होल्टचे असतात, म्हणजे सुमारे 32 वॅट-तास. रेडिओ-राउटर मिळून 14 वॅट घेत असतील, तर नुकसान धरून दोन तासही मिळत नाहीत. ऑनलाइन वर्ग किंवा रात्रीची शिफ्ट असेल तर मोठा घ्या, आणि त्याला 24 व्होल्टचं पीओई आउटपुट आहे का हे आधी विचारा.

मे-जूनमध्ये ढग गडगडायला लागण्याआधीच अडॅप्टर सॉकेटमधून काढा, आणि छतावरून येणारी केबलही डबीतून काढून ठेवा. विजेचा झटका त्या तारेनेसुद्धा घरात येतो. गडगडाट सुरू झाला असेल तर तारेला हात लावू नका, थांबा.