‘टेल’च्या मागचा ‘टू’

मी मराठी माध्यमातली. नोकरीतल्या माझ्या पहिल्याच अहवालात ‘ही टोल्ड टू मी’ असं लिहिलं होतं. साहेबांनी काही न बोलता ‘टू’भोवती लाल गोल केला. चूक कळली, पण ती येते कुठून हे उमगायला बराच काळ गेला. ‘मला सांगितलं’ मधला ‘ला’! त्याचंच आपण ‘टू’ करतो. ‘टेल’नंतर माणूस थेट येतो: ‘ही टोल्ड मी’. ‘टू’ लागतो तो ‘से’ला: ‘ही सेड टू मी’. गोष्ट आधी आणि माणूस नंतर आला, तर मात्र ‘टेल’लाही ‘टू’ चालतो: ‘टेल इट टू मी’.

दोघांतलं कोणतं वापरायचं? मी मनात मराठी वाक्य म्हणून बघते. ‘सांगितलं’ आलं की ‘टेल’, ‘म्हणाला’ आलं की ‘से’. सांगायला समोर कुणीतरी लागतं, म्हणायला भिंतही चालते. म्हणून ‘ही टोल्ड दॅट...’ हे वाक्य लंगडं. कुणाला सांगितलं ते हवंच. थोडे अपवाद पाठ करून टाका: ‘टेल अ लाय’, ‘टेल द ट्रूथ’, ‘टेल अ स्टोरी’, ‘टेल द टाइम’. इथे ऐकणारा नसला तरी चालतं. (आणि ‘said’चा उच्चार ‘सेईड’ नाही, ‘सेड’; ‘says’चाही ‘सेईझ’ नाही, ‘सेझ’.)

आता माझा आवडता अर्थ. ‘आय कान्ट टेल’ म्हणजे मी सांगणार नाही असं नव्हे. मला ओळखता येत नाही, काही कळत नाही. जुळ्या बहिणींबद्दल ‘आय कान्ट टेल देम अपार्ट’. हे परकं वाटायचं कारण नाही, आपणही ‘पाऊस येईल का? काही सांगता येत नाही’ म्हणतोच की.

‘टेल’चा जुना अर्थ मोजणं. बँकेत पैसे मोजणारा तो ‘टेलर’, कपडे शिवणारा वेगळा. ‘ऑल टोल्ड’ म्हणजे एकूण मिळून, तेही त्यातलंच.

‘टेल ऑफ’ म्हणजे खडसावणं, ‘टेल ऑन’ म्हणजे चहाडी करणं. एका अक्षराचा फरक, जपून. आणि ‘टेल मी व्हेअर डझ ही लिव्ह’ नको, ‘टेल मी व्हेअर ही लिव्ह्ज’. प्रश्न आत शिरला की त्याचा ‘डझ’ बाहेरच राहतो.